लहान मुलांची आणि मोठ्यांची लाळ कशी मोजावी: मिनिटाला दोन थेंबांचा हिशेब

विज्ञान प्रदर्शनाचे दिवस आले की माझ्या टेबलावर एक तक्ता हमखास येतो: 'लहान मुलांना मोठ्यांच्या दुप्पट लाळ सुटते.' शेजारी लाळेरं बांधलेल्या बाळाचं चित्र. गोव्यात फोंड्याच्या बाजूला इतकी वर्षं जीवशास्त्र शिकवतोय. मुलं बदलतात, तक्ता तोच. म्हणून यंदा सगळी पद्धत एकदाच सविस्तर लिहून काढली.

पाच वर्षांच्या मुलाची नुसत्या बसल्या वेळची लाळ मिनिटाला सरासरी ०.२६ मि.लि. भरते. निरोगी मोठ्या माणसाची साधारण ०.३ ते ०.४ मि.लि. थेंब ०.०५ मि.लि.चा धरला, तर फरक मिनिटाला एक ते तीन थेंबांचा. वजनकाटा चुकीचा, वेळ चुकीची, किंवा मुलाने मध्येच एकदा गिळलं, की हा फरक पुसला जातो, नाहीतर उलटा दिसतो. त्यामुळे खालचे टप्पे ज्या क्रमाने दिलेत त्याच क्रमाने करा.

टप्पा १: काय मोजायचं ते आधी वहीत लिहा

लाळ दोन प्रकारे मोजतात. एक, बसल्या वेळची: तोंडात काही नाही, चावणं नाही, तरी झिरपत राहते ती. यातला मोठा वाटा जबड्याखालच्या ग्रंथींचा. दुसरी, चावतानाची: यात कानाजवळच्या ग्रंथी जोर धरतात आणि वेग कितीतरी पटींनी वाढतो. दोन्हींचे आकडे एका रकान्यात येता कामा नयेत.

गळणारी लाळ हा तिसराच विषय. बाळाचं लाळेरं भिजतं ते लाळ जास्त होते म्हणून नव्हे. ओठ नीट मिटत नाहीत, गिळण्याचा मेळ बसलेला नसतो, म्हणून ती बाहेर येते. आपण तेवढीच लाळ गुपचूप गिळून टाकतो, एवढाच फरक. लाळेरं वजन करून 'लाळनिर्मिती' काढणारा एक प्रकल्प मी पाहिलाय. कष्ट खूप घेतले होते, पण मोजलं ते गिळणं.

टप्पा २: माणसं निवडणे

पाच वर्षांखालची मुलं घेऊ नका. त्यांना सांगितल्यावर थुंकता येत नाही, आणि कापसाचा बोळा तोंडात ठेवून मोजण्याची पद्धत शाळेत किंवा घरी करण्यासारखी नाही. घशात अडकण्याचा धोका आहे. पाच ते सात वर्षांची आठ-दहा मुलं आणि पंचवीस ते पंचेचाळीस वयाची तेवढीच मोठी माणसं पुरेत. आजी-आजोबांना 'मोठे' या गटात कोंबू नका. त्यांच्यापैकी बहुतेकांची औषधं चालू असतात आणि तोंड कोरडं पडतं ते पुष्कळदा त्या गोळ्यांमुळे.

पालकांची लेखी परवानगी घ्या. मूल ऐनवेळी 'नको' म्हणालं तर विषय तिथेच संपला.

प्रत्येकाला आधी विचारा: ॲलर्जीची, रक्तदाबाची किंवा मानसिक आजारावरची गोळी चालू आहे का? सर्दीवरची साधी गोळीही लाळ आटवते, आणि पावसाळ्यात आमच्याकडे ती घरोघरी असते. सर्दी, ताप, तोंड आलेलं, गालगुंड नुकतंच होऊन गेलेलं असेल तर त्या दिवशी नाव वगळा. विडी ओढणारा, तंबाखू खाणाराही नको.

*तपासा:* दोन्ही गटांत मुलगे-मुली, बाप्ये-बायका साधारण सारख्या प्रमाणात आहेत ना?

टप्पा ३: साहित्य

निम्मे प्रकल्प इथेच आडवे होतात. स्वयंपाकघरातला १ ग्रॅमचा काटा चालत नाही. समजा मुलाचा रिकामा कप झाकणासकट ६.४२ ग्रॅम, पाच मिनिटांनंतर ७.७१. लाळ १.२९ ग्रॅम. मोठ्या माणसाचा कप आधी ६.३८, नंतर ८.१३. लाळ १.७५ ग्रॅम. आता हेच चार आकडे १ ग्रॅमच्या काट्यावर पाहा: ६ आणि ८, ६ आणि ८. दोघांची लाळ तंतोतंत सारखी! सोनाराकडे असतो तसा ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घ्या. ऑनलाइन मिळतो, शाळेच्या प्रयोगशाळेतही बहुधा असतोच.

मापनळी किंवा औषधाची सिरिंजही नको. लाळेला फेस असतो आणि फेसाची वरची रेघ कुठे धरायची यावर गटात भांडणं होतात. वजन करा. लाळेत ९९ टक्के पाणीच असतं, म्हणून १ ग्रॅम म्हणजे १ मि.लि. धरलं तरी चूक नगण्य.

कप झाकणाचा, प्लॅस्टिकचा. कागदी कप जूनपासून पुढे अजिबात नको. आमच्या दमट हवेत कागद ओल ओढतो आणि लाळ न घालताच कप जड होतो. विश्वास बसत नसेल तर एक कागदी कप सकाळी आणि दुपारी तोलून बघा.

बाकी: सेकंद दाखवणारं घड्याळ, हातमोजे, कपावर लिहायला न पुसणारा पेन, टॉर्च, पिण्याचं साधं पाणी, आणि ब्लीच (ते शेवटी लागेल).

*तपासा:* पंखा बंद करून काट्यावर एक स्वच्छ नाणं तीनदा ठेवा. तिन्ही वेळा तोच आकडा यायला हवा. पंख्याखाली काटा डुलत राहतो.

टप्पा ४: वेळ आणि जागा

दोन्ही गट दिवसाच्या एकाच वेळी मोजा. बसल्या वेळची लाळ दिवसभर सारखी नसते. झोपेत जवळजवळ थांबते, दुपार उलटता उलटता सर्वाधिक असते. आपल्याकडे होतं काय? मुलं सापडतात सकाळी शाळेत, आईबाबा संध्याकाळी घरी. मग मोठ्यांचा आकडा फुगतो आणि ते सगळं वयाच्या नावावर जमा होतं. शनिवारी पालकांना शाळेत बोलवा, किंवा मुलांना त्यांच्या घरीच संध्याकाळी मोजा. काहीही करा, पण घड्याळ एक ठेवा.

मोजणीआधी दीड तास खाणं, पिणं, दात घासणं बंद. चहाचा घोटसुद्धा नको. मात्र त्याआधी पुरेसं पाणी प्यायलेलं असावं. उन्हात खेळून घामाघूम झालेल्या मुलाला तसाच आणून बसवलं तर आकडा पडणारच.

खोलीत उजेड हवा. अंधारात आणि डोळे मिटल्यावर लाळ कमी होते. खाण्याचा वास नको. मार्च-एप्रिलमध्ये मागच्या बाकावर कोणी कैरीला मीठ लावत बसलंय का, तेही बघा.

आणि पोदेराची, म्हणजे सायकलवरून दारोदार पाव विकणाऱ्याची, वेळ टाळा. एकदा संध्याकाळी एका घरी मोजत होतो. तिसऱ्या मिनिटाला रस्त्यावर सायकलचा पों-पों वाजला. सहा वर्षांच्या त्या पोराने मान वर केली, डोळे दाराकडे. मला वाटलं, आता आकडा वाढणार. वजन केलं तर कमी! पावाच्या आठवणीने लाळ सुटली असेलही, पण मान वर करताना त्याने तोंडात साठलेली सगळी गिळून टाकली होती. गळ्याची हालचाल मी पाहिली, म्हणून कळलं. नाहीतर तो आकडा तसाच वहीत गेला असता.

टप्पा ५: सराव

खऱ्या मोजणीच्या आदल्या दिवशी सराव घ्या. मुलांना 'थुंक' म्हटलं की ती 'फुर्र' करून हवेसकट थुंकतात. निम्मं कपाबाहेर, निम्म्याचा फेस. त्यांना सांगायचं: खालचा ओठ कपाच्या कडेला टेकव, तोंड उघड आणि सोड. चमचाभर पाण्यावर तीन-चार वेळा करून घ्या.

न गिळण्याचा सराव वेगळा. मुलाला समोर बसवून एक मिनिट तोंडात लाळ धरायला सांगा आणि त्याच्या गळ्याकडे बघा. बोललं की गिळतं. हसलं की गिळतं. मोबाइलवर कार्टून लावून दिलं तर शांत बसतं खरं, पण तंद्रीत सारखं गिळत राहतं. त्यापेक्षा घड्याळाचा काटा दाखवत बसवा.

*तपासा:* मूल सलग दोन मिनिटं न गिळता बसू शकतं का? नसेल तर त्याला कपाला ओठ लावून, मान खाली घालून, लाळ आपोआप ओघळू द्यायची पद्धत वापरा. पण मग मोठ्यांनाही तीच पद्धत.

टप्पा ६: बसल्या वेळची लाळ गोळा करणे

१. कपावर नाव नव्हे, क्रमांक लिहा. झाकणासकट रिकामं वजन करून लगेच वहीत नोंदवा. सगळे कप सारखेच म्हणून एकाचंच वजन सगळ्यांना लावू नका. कपाकपात थोडा फरक निघतोच, आणि आपला खेळ पॉइंटनंतरच्या आकड्यांवर आहे.

२. साध्या पाण्याने चूळ भरायला लावा आणि पाणी पूर्ण थुंकून टाका.

३. पाच मिनिटं नुसतं बसणं. चूळ भरून लगेच सुरुवात केली तर कपात पहिल्यांदा येतं ते नळाचं पाणी. घाईत सर्वांत जास्त वगळली जाते ती हीच पायरी.

४. पाठ ताठ, डोळे उघडे, मान किंचित पुढे झुकलेली. आडवं पडून किंवा सोफ्यात रेलून नको. मुलाचे पाय लोंबकळत असतील तर खाली पाट द्या, म्हणजे चुळबुळ कमी होते.

५. 'आता गिळ' म्हणा. गिळलं की घड्याळ सुरू. तोंड रिकामं करून सुरुवात झाली नाही, तर आधीची साठलेली लाळ पहिल्या मिनिटात जमा होते. मोठ्यांच्या तोंडात साठाही मोठा, म्हणून चूकही मोठी.

६. जीभ फिरवायची नाही, गाल ओढायचे नाहीत, बोलायचं नाही. दर मिनिटाला टिचकी वाजवा. टिचकीला कपात सोडायचं. चौथ्या टिचकीनंतर मुलं कंटाळतात, तेव्हा बोटांनी 'एकच राहिलं' असं दाखवा.

७. पाच मिनिटं पूर्ण होताच शेवटचं सोडायचं आणि झाकण लगेच घट्ट लावायचं.

८. वजन करा. आधीचं वजन वजा. उत्तराला पाचने भागा.

*सावधान:* मध्ये गिळलं, खोकला आला, कप कलंडला, तर ती मोजणी रद्द. 'थोडंसंच सांडलं सर' हे थोडंसं म्हणजे कधीकधी अख्खं उत्तर असतं. त्याच दिवशी पुन्हा घ्यायची असेल तर निदान अर्धा तास जाऊ द्या.

प्रत्येकाची वेगवेगळ्या दोन दिवशी मोजणी करून सरासरी घ्या. एकाच माणसाचे दोन दिवसांचे आकडे पाहिलेत की का सांगतोय ते कळेल.

टप्पा ७: चावतानाची लाळ

'दुप्पट'वाला तक्ता जन्मतो तो इथे. मुलं इंटरनेटवरून दोन आकडे उचलतात: पाच वर्षांच्या मुलाचे चावतानाचे मिनिटाला ३.६ मि.लि., मोठ्यांचे दीड-दोन. झालं, दुप्पट! पण पहिला आकडा अन्न चावतानाचा, दुसरा बेचव मेण चघळतानाचा. मेणाला ना चव, ना वास. मोठ्यांनाही अन्न चावायला दिलं तर त्यांचा वेग मिनिटाला ३ ते ५ मि.लि.च्या घरात जातो. दुप्पट-बिप्पट काही उरत नाही.

म्हणून दोन्ही गटांना एकच पदार्थ, एकच वजन, एकाच तापमानाला. मुलांच्या बाबतीत मी मेण टाळतो. सहा-सात वर्षांच्या मुलांचे दुधाचे दात हलत असतात. एकदा मेणाबरोबर दातच कपात आला, आणि माझ्या गटात 'वजन वजा करायचं का?' यावर गंभीर चर्चा झाली. पोरगं मात्र खूश होतं.

उकड्या तांदळाचा गार, अळणी भात माझ्या अनुभवात बरा. प्रत्येक घरात असतो. पद्धत अशी. कप, झाकण आणि भात मिळून वजन करा. भात ५ ग्रॅमच्या आसपास. 'गिळ' म्हणा. चमच्याने भात तोंडात. २० सेकंद नेहमीसारखं चावणं, आणि गिळावंसं वाटण्याआधी टिचकीला सगळं त्याच कपात. झाकण, वजन. वाढलेलं वजन ही लाळ. तिला तीनने गुणलं की मिनिटाचा वेग. असं तीनदा करा, दर वेळी नवा कप.

अडचण उरल्यासुरल्या शितांची. दाढेमागे राहिलेलं प्रत्येक शीत वजन कमी करतं. टॉर्च लावून बघा आणि जिभेने गोळा करून थुंकायला लावा. पाण्याने चूळ भरून ते पाणी कपात घेऊ नका. चमच्याला चिकटलेला भातही परत कपातच जायला हवा. पाव वापरायचा मोह होतो, पण उंड्याचा (आमच्याकडच्या गोल पावाचा) आतला मऊ भाग टाळूला चिकटून बसतो.

*सावधान:* आमसूल, लिंबू, बिंबल देऊन 'जोरदार' आकडा काढू नका. आंबट किती आणि कसं लागलं हे दर वेळी बदलतं, तुलना होत नाही. आणि वारंवार आंबट दातांनाही बरं नाही.

टप्पा ८: हिशेब आणि तक्ता

गटाची सरासरी द्याच, पण सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त आकडाही द्या. पाच वर्षांच्या मुलामुलांतच इतकी तफावत निघते की काही मुलं मोठ्यांच्या पुढे असतात. ते लपवू नका. परीक्षक नेमकं तेच विचारतात.

दिवसाची लाळ काढायची असेल तर दोन वेग आणि दोन वेळा लागतात. एक वेग २४ तासांनी गुणणं ही चूक बारावीतलीही मुलं करतात. पाच वर्षांच्या मुलाचं उदाहरण: जेवणखाण मिळून साधारण ८० मिनिटं, ३.६ ने गुणून २८८ मि.लि. जागेपणीची बाकीची साधारण ८०० मिनिटं, ०.२६ ने गुणून २०८. झोपेतली जवळजवळ शून्य. मिळून अर्धा लिटर. हे आकडे जपानी मुलांवरच्या १९९५ च्या अभ्यासातले आहेत. त्याला २०१९ मध्ये इग नोबेल (आधी हसवणाऱ्या, मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं गमतीदार बक्षीस) मिळालं, म्हणून इंटरनेटवर सापडतातही पटकन.

मोठ्यांसाठी पाठ्यपुस्तकात १ ते १.५ लिटर छापलेलं असतं. तुम्ही मोजलेल्या वेगांवरून काढलंत तर बहुधा कमी येईल: जागेपणीची ९०० मिनिटं गुणिले ०.३५ म्हणजे ३१५, आणि तासभर जेवण गुणिले ४ म्हणजे २४०. साडेपाचशे मि.लि.च्या आसपास. पुस्तकाशी जुळावं म्हणून आकडा ताणू नका, हिशेब तक्त्यावर उघडा मांडा.

आता गंमत. १८ किलोच्या मुलाला दिवसाला ५०० मि.लि. म्हणजे किलोमागे जवळजवळ २८. साठ किलोच्या माणसाला ५५५ म्हणजे किलोमागे ९ च्या आसपास. वजनाने भागलं की मूल पुढे, न भागता मोठा माणूस किंचित पुढे. दोन्ही खरं आहे. पण तक्त्याच्या मथळ्यात 'दर किलो वजनामागे' हे शब्द नसतील तर मथळा खोटा.

*तपासा:* मोठ्यांचा बसल्या वेळचा वेग १ मि.लि.च्या वर दिसतोय? बहुधा चुळीचं पाणी आहे, नाहीतर कोणीतरी गाल चोखतंय.

टप्पा ९: आवराआवर

लाळेतून सर्दीपासून गालगुंडापर्यंत बरंच काही पसरतं. ज्याचा कप त्यानेच हाताळायचा. वजन करणाऱ्याने हातमोजे घालायचे. वजन झालं की कपात पातळ केलेलं ब्लीच ओता. दुकानातलं ब्लीच ४-५ टक्क्यांचं असतं. एक भाग त्यात चार भाग पाणी. अर्धा तास ठेवून संडासात ओता, कप पिशवीत बांधून टाका. संडास साफ करायचं ॲसिड त्यात चुकूनही पडू देऊ नका, विषारी वायू सुटतो. हे काम मुलांनी नाही, मोठ्यांनीच करायचं.

आकडा फारच वेगळा आला तर

मोठ्या माणसाचा बसल्या वेळचा वेग दोन-तीन दिवस नीट मोजूनही ०.१ मि.लि.च्या खाली राहिला, तर तो प्रकल्पाचा विषय राहत नाही. त्यांना बाजूला घेऊन सांगा आणि चालू गोळ्यांची यादी घेऊन दंतवैद्याकडे पाठवा. परस्पर गोळी बंद करायला मात्र सांगू नका. मुलाच्या बाबतीत एका कमी आकड्यावर घाबरू नका, बहुतेक वेळा त्याने गिळलेलं असतं. चार वर्षांनंतरही जागेपणी सतत लाळ गळत असेल, कपडे भिजत असतील, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवायला पालकांना सांगा. तपासणीला जाताना मोजणीची वही सोबत द्या: किती वाजता, किती मिनिटं, कोणत्या पद्धतीने मोजलं आणि किती वेळा मोजणी रद्द झाली, सगळं लिहिलेलं.